कस्तुरीच्या पदराचा वास

मदन मगदूमची नि माझी गाठ पडली ती हजेरीपटामुळं. साल एकोणीसशे सेहेचाळीस, सांगलीतलं कॉलेज, रसायनशास्त्राचं पहिलं प्रॅक्टिकल. सरांनी नंबराप्रमाणं जोड्या लावल्या आणि वर्गातली एकुलती एक मुलगी, म्हणजे मी, कस्तुरी, ह्या इस्लामपूरकडच्या ऊसवाल्याच्या वाट्याला आले. तो इतका बावरला, की मिठाच्या वाटीत वाळू सांडून मोकळा झाला. मी पाण्यात मीठ विरघळवलं, वाळू गाळून काढली. मिश्रणच ते, निभावलं.

दिवाळी होईतो तो माझ्याशी चार वाक्यं बोलायला लागला होता. चारही रसायनशास्त्राचीच.

मग एके दिवशी लोखंडाचा कीस आणि गंधक आलं. दोन्ही मूलद्रव्यं, मदन सांगत होता, एकत्र केली तरी नुसती शेजारी बसतात. लोहचुंबक फिरवला की लोखंड निघून येतं. त्यानं टेस्टट्यूब दिव्यावर धरली. आत लालभडक निखारा फुलला, काळा खडा झाला, आणि तो काही चुंबकाला दाद देईना.

"हे संयुग," मदन म्हणाला. "अणूला अणू बांधला गेला. आता ही दोघं... सहजासहजी वेगळी व्हायची न्हाईत."

"कोण दोघं?"

"लोखंड... आणि गंधक." त्याचे कान लाल झाले. मला गंमत वाटली, आणि खरं सांगते, तो मला फार आवडला.

त्या गडबडीत त्यानं खड्यावर अ‍ॅसिड जरा जास्तच ओतलं. फस्सकन फेस आला, शिंतोडे माझ्या पदरावर उडाले आणि असला घाण वास सुटला, की सरांनी वर्गच सोडून दिला.

घरी मी उंबरा ओलांडते न ओलांडते तोच अण्णा गादीवरून उठले. अण्णा म्हणजे माझे वडील दादासो, हळदीचे व्यापारी, दिवस मावळायच्या आत जेवणारे, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. त्यांनी दोनदा वास घेतला आणि आक्काताई आत्याच्या कानात काहीतरी सांगितलं. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. पोरीनं अंडं खाल्लं! मी अ‍ॅसिड, खडा, वायू सगळं सांगून पाहिलं, पण ऐकतंय कोण? कॉलेज बंद, निपाणीच्या स्थळाला होकार कळवायचा, असं जेवायच्या आत ठरूनही गेलं. मी ढसाढसा रडले. कॉलेजपायी की त्या लाल कानांपायी, हे मला कुणी विचारलं नाही ते बरंच झालं.

अंड्याची बोंब कॉलेजपर्यंत पोचली असावी, तिसऱ्या दिवशी मदन दारात हजर. हातात टेस्टट्यूब, खिशात बाटली. अण्णांना नमस्कार करून म्हणाला, "शेट, वास दाखवायला आलोय." असं सांगत आलेला पाहुणा आमच्याकडं पहिलाच.

अंगणात बसून त्यानं खड्यावर थेंबभर अ‍ॅसिड सोडलं. आत्यानं नाकाला पदर लावला. हा गंधकाचा वायू, त्यानं समजावलं. नासक्या अंड्यातनंही हाच सुटतो, म्हणून फसगत होते. कोंबडीचा इथं काही संबंध नाही.

"पण आत्या," तो अगदी भोळेपणानं म्हणाला, "तुमच्यात अंड्याचं नावबी कुणी घेत न्हाई. मग वास वळखला कुणी?"

"मला काय ठावं, बाबा? दादासोच म्हणाला."

सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग पुटपुटले, की तरुणपणी तालमीत... वस्ताद दुधात फोडून द्यायचे... एकदा एक नासकं निघालं. आत्या मटकन खाली बसली.

"जाऊ दे पोरीला कॉलेजला," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "पण जोडीला दुसरा कुणीतरी घ्यायचा."

आज गप्प बसले तर निपाणीला जाऊन जन्मभर गप्प बसावं लागलं असतं.

"न्हाई अण्णा," मी म्हणाले. "मला हेच पाहिजेत. प्रॅक्टिकलला... आणि घरीसुद्धा."

अण्णा मदनकडं वळले. "तुझं काय म्हणणं?"

मघाशी वायूवर व्याख्यान झोडणाऱ्याचे कान पुन्हा लाल झाले. म्हणाला, "तीन दिवस डोळ्याला डोळा न्हाई, शेट. रविवारी आईला घेऊन येतो."

आत्याची नजर चुकवत अण्णा म्हणाले, "ये. पण ते नळकांडं घरी ठेवून ये."