अधिवेशनाला आलेला पाहुणा

दार उघडलं तेव्हा धाकटीच्या दोन्ही हातांना साबणाचा फेस होता. दारात एक उंच, किडकिडीत तरुण उभा. केसांतून पाणी निथळतंय, खांद्याला कापडी पिशवी, आणि छातीवर अधिवेशनाचा बिल्ला... तोही उलटा लावलेला.

"मी पाहुणा," तो म्हणाला.

"कोणाचा?"

"तुमचाच... बहुतेक."

त्या वर्षी चर्चच्या मंडळ्यांचं वार्षिक अधिवेशन तिच्या शहरात भरलं होतं. दरवर्षी ते नव्या शहरात भरायचं. या शहराची पाळी मागे आली होती तेव्हा धाकटी पाळण्यात होती. त्यामुळे तिच्या दृष्टीने हे पहिलंच. गावोगावचे प्रतिनिधी, प्रवचनं देणारे पाळक, गाणारी मुलं, छत्र्या विसरणाऱ्या म्हाताऱ्या बायका, सगळे मिळून शहरात असे काही उतरले की शहर ओळखू येईना. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर ओल्या छत्र्यांची रास. ट्राममध्ये एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच गीत गुणगुणतायत. पाहुण्यांची सोय मंडळीतल्या घराघरांतून केलेली, म्हणून शेजारपाजारच्या उशासुद्धा कमी पडलेल्या. पुढे कितीतरी वर्षांनी धाकटीला तो आठवडा आठवायचा तो असा, ओल्या छत्र्यांच्या वासासकट.

आईने पाहुण्याला टॉवेल दिला, ताट वाढलं, आणि तो जेवत असताना चौकशा सुरू केल्या. तो पोस्टमन होता. डोंगरातल्या एका जुन्या खाणीच्या गावात टपाल वाटायचा.

"पण आमच्याकडे तर दोन बहिणी येणार होत्या," आई हळूच धाकटीला म्हणाली. "शिक्षिका आहेत म्हणे."

धाकटीने त्याच्या हातातली चिठ्ठी मागून घेतली. वाचली आणि ओठ दाबून धरले.

"यावर सतरा नंबर लिहिलंय. हे अकरा."

पोस्टमनचा घास हातातच राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पोस्टमन आहात ना तुम्ही?" धाकटीने अगदी साळसूदपणे विचारलं.

"आहे."

"आणि गावातल्या लोकांना त्यांचं टपाल मिळतं?"

"गावातली घरं मला पाठ आहेत," तो ताटाकडे बघत म्हणाला. "नंबर वाचावे लागत नाहीत."

तो उठायला लागला, तशी आईने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. "बस खाली. अर्ध्या जेवणावरून कोणी उठतं का? त्या बहिणींना सतरा नंबरवाले घेतील. तू इथेच राहा."

संध्याकाळी बाबा आले. ते अधिवेशनाच्या मालमत्ता समितीचे अध्यक्ष होते, त्यामुळे आठवडाभर त्यांच्या कपाळावरची आठी उतरली नव्हती. पाहुणा बघून मात्र खूश झाले. हात मिळवला, शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "कुठली मंडळी तुमची?"

पोस्टमनने गावाचं नाव सांगितलं. बाबांचा हात चहाच्या कपाकडे निघाला होता, तो मध्येच थांबला.

"काय झालं?" आईने विचारलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "उद्या... म्हणजे परवा सकाळी त्या मंडळीचा ठराव आहे. चर्च बंद करून घाटाखालच्या मंडळीत सामील करायचा. ठराव आमच्या समितीचा आहे."

"माहीत आहे," पोस्टमन म्हणाला. "त्याच्या विरोधात बोलायला मंडळीने मला पाठवलंय."

पोस्टमनने पिशवी उचलली. "मी सतरा नंबरला जातो. ते बरं दिसेल."

"बरं कोणाला दिसेल?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "तिथल्या छपराची तुळई मी डोळ्यांनी बघून आलोय. ती कोणाच्या डोक्यावर पडली तर जबाबदार मी. तिथे जायला पाळक मिळत नाही. मला जे योग्य वाटतं ते मी मांडणार, तुम्हाला जे वाटतं ते तुम्ही मांडा. पण ते हॉलमध्ये. घरात तुम्ही आमचे पाहुणे."

पोस्टमनने पिशवी खाली ठेवली. त्या रात्री धाकटीला बाबांचा अभिमानही वाटला आणि रागही आला. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, हे तिला कळेना.

धाकटी चौकातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, सभा सुरू व्हायच्या आधी, ती पोस्टमनला सरळ दुकानात घेऊन गेली.

"मला चष्म्याची गरज नाही," तो वाटेत दोनदा म्हणाला.

"बिल्ला आजही उलटाच लावलाय तुम्ही."

त्याने मान खाली घालून बघितलं आणि बिल्ला सरळ केला.

तपासायची खोली लहान होती. तिने पडदा ओढला, त्याच्या नाकावर लोखंडी चौकट बसवली आणि समोर वाकून एकेक काच सरकवायला लागली. एवढ्या जवळून तिने रोजच किती डोळे पाहिले होते. म्हाताऱ्यांचे, वकिलांचे, परीक्षेच्या पोरांचे... कधी श्वास अडला नव्हता.

"आता बघा. पहिली काच बरी, की दुसरी?"

"दुसरी."

"आणि ही?"

"दोन्ही सारख्याच."

"नीट बघा. एक नक्की बरी असणार."

"तुम्ही मध्ये उभ्या आहात," तो म्हणाला. "अक्षरांची पाटी दिसत नाही."

ती पटकन बाजूला झाली. अंधार होता म्हणून बरं, नाहीतर या वेळी कोणाचे कान लाल झाले ते त्यालाही दिसलं असतं.

चष्मा दुपारपर्यंत तयार झाला. दुपारच्या सुट्टीत प्रतिनिधींना शहर दाखवायचं काम यजमानांच्या मुलामुलींकडे होतं. बाकीचे घोळक्याने संग्रहालयाकडे गेले. धाकटी आणि पोस्टमन कसे कोण जाणे मागे राहिले. पाऊस थांबला होता. नदीवरच्या जुन्या पुलावर तो एकदम उभाच राहिला.

"काय झालं?"

"पानं..." तो काठावरच्या झाडांकडे बघत होता. "प्रत्येक पान वेगळं दिसतंय."

धाकटीला हसू आलं. त्या पुलावरून ती शाळेपासून जात आली होती. त्या झाडांकडे तिने कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. मग ती त्याला सगळंच दाखवत सुटली. घंटाघराचा हिरवा पडलेला घुमट, फुलबाजाराची काचेची छपरं, ट्राम वळताना रुळांवर उडणारी ठिणगी. आपलं शहर इतकं देखणं आहे हे तिला त्या दुपारी कळलं.

तिच्या लक्षात आलं की तो आता घुमटाकडे बघत नाहीये.

"काय?"

"काही नाही. काल दारात तुम्ही मला अर्ध्याच दिसला होतात."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती बघतोय."

ती पुलाच्या कठड्यावरून उगीचच नदीत डोकावली. मग म्हणाली, "उद्या काय बोलणार आहात ते म्हणून दाखवा."

त्याने खिशातून कागद काढला आणि वाचायला लागला. 'सन्माननीय अध्यक्ष', 'विनम्र निवेदन', 'ऐतिहासिक वारसा'. ती ऐकत राहिली, पण तिचं तोंड पडलं.

"वाईट आहे?"

"चांगलं आहे. पण हे कोणीही लिहिलं असतं. तुम्ही रोज कोणाच्या दारात जाता, ते सांगा ना."

मग त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

ठरावाच्या दिवशी टाऊन हॉल खचाखच भरला होता. धाकटीला मतदानाचा अधिकार नव्हता. ती वर सज्जात आईशेजारी बसली. आधी बाबा बोलले. तुळई, पाळकांचा तुटवडा, उरलेली मोजकी घरं. त्यांच्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता, तेच तिला जड जात होतं. मग पोस्टमन उभा राहिला. चष्मा नाकावर, हात रिकामे.

"खाण बंद पडली तेव्हा ज्यांना जाता आलं ते गेले," तो म्हणाला. "आम्ही उरलो. आमच्यातले जे चालू शकतात, ते घाटाखालच्या चर्चमध्ये जातील. त्यांची मला काळजी नाही. जे चालू शकत नाहीत, त्यांच्याकडे मी रोज जातो. टपाल नसलं तरी जातो. ते मला विचारतात, रविवारी उपासना आहे ना? उद्यापासून मी त्यांना काय सांगू... एवढंच मला इथून घेऊन जायचं आहे."

तो खाली बसला. आईने पदर डोळ्यांना लावला.

मग मतं झाली. हात वर गेले आणि ठराव मंजूर झाला. फार थोड्या मतांनी, पण झाला. सगळे उभे राहून गीत गायला लागले तेव्हा धाकटीने खाली पाहिलं. पोस्टमनही उभा राहून गात होता. ते बघवेना म्हणून ती बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी त्याला बसस्टँडवर सोडायला तीच गेली. आईने बांधून दिलेला डबा त्याच्या मांडीवर, दोघांच्या मध्ये पिशवी.

"तुमच्या बाबांवर माझा राग नाही," तो म्हणाला. "ते खरं तेच बोलले."

"माझा आहे."

"असू नये."

"तुम्ही सांगितलंत म्हणून जाणार आहे का तो?"

तो हसला. बस लागली. दोघंही उठले आणि दोघांनाही एकदम काहीतरी बोलायचं होतं...

"तुम्ही..."

"बोला ना."

"नाही, आधी तुम्ही."

कंडक्टरने घंटी मारली. तो चढला. मागच्या काचेतून त्याने हात वर केला तो बस वळेपर्यंत तसाच होता. धाकटी स्टँडवर उभी राहिली, आणि जे बोलायचं होतं ते तिच्याजवळच राहिलं.

शहर पुन्हा आपल्या वळणावर आलं. उशा शेजारी परत गेल्या. आई आठवडाभर बाबांशी कामापुरतंच बोलली. धाकटी रोज पुलावरून दुकानात जायची, मान वर करून झाडं बघायची. पानगळ झाली, फांद्या उघड्या पडल्या, तरी बघायची.

थंडी सरता सरता एके दिवशी बाबा म्हणाले, "येत्या रविवारी खाणीच्या गावात शेवटची उपासना आहे. किल्ल्या ताब्यात घ्यायला मलाच जावं लागेल." मग वर्तमानपत्राआडून, अगदी सहज, "येतेस?"

तिला वाटलं होतं त्याहून ते चर्च लहान निघालं. दगडी भिंती, तुळईला खालून लाकडांचे टेकू. चालू न शकणाऱ्यांना गावकऱ्यांनी खुर्च्यांसकट उचलून आणलं होतं. पोस्टमनने तिला पाहिलं आणि हातातली खुर्ची, आजोबांसकट, पडता पडता वाचली.

उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ बाबांनी वाचायचा होता. दोन ओळी वाचून त्यांचा आवाज गेला. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, पण पुढचं वाचवेना. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने जागेवरूनच तो पाठ तोंडपाठ म्हणून पुरा केला. कोणाकडे बघत नव्हती ती. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले.

सगळे बाहेर आल्यावर पोस्टमनने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली बाबांच्या हातात दिली.

"रविवारी यांचं काय?" बाबांनी विचारलं.

"आमच्या घरी जमायचं ठरलंय. माझ्या आईने पुढची खोली रिकामी केलीय. पाळक नसले तरी गीतं सगळ्यांना येतात."

बाबांनी नुसती मान हलवली आणि ते गाडीकडे गेले. चर्चमागच्या उतारावर आता धाकटी आणि पोस्टमन दोघंच उरले. वारा बोचरा होता. तिने शाल घट्ट ओढून घेतली.

"स्टँडवर तुम्ही काहीतरी बोलणार होतात," ती म्हणाली.

"तुम्हीही."

"मी त्याचसाठी आलेय."

त्याने खाली गावाकडे हात केला. निम्म्या घरांना कुलपं होती. "हे असं आहे सगळं. दुकानं दोन. आणि आता तर चर्चसुद्धा नाही."

"मला चर्चशी लग्न करायचं नाहीये."

बोलून गेली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि पुन्हा बघितलं, खात्री करून घेतल्यासारखं.

"मी रोज विचार करायचो," तो हळू म्हणाला, "की पत्ता आहे माझ्याकडे, पोस्ट ऑफिस हाताशी आहे... आणि एक ओळ लिहवत नाही. ज्या घराने मला वाढलं, त्या घरची मुलगी अशा गावासाठी कशी मागू?"

"आता मागा."

"कोणाला विचारू? तुम्ही विचारता का बाबांना?"

"तुम्हीच विचारा," धाकटी म्हणाली. "त्यांच्यासमोर तुम्ही चांगले बोलता."

दोघं उतारावरून गाडीपाशी आले. बाबा बॉनेटला टेकून उभे होते. पोस्टमनने दोन वाक्यांत सांगितलं. या वेळीही त्याचे हात रिकामे होते. बाबांनी ऐकून घेतलं. एकदा मुलीकडे पाहिलं. तिने नजर खाली केली नाही. मग ते बराच वेळ समोरच्या घरांकडे, कुलपांकडे, धुराड्यांतून निघणाऱ्या धुराकडे बघत राहिले.

'हो' असं बाबा त्या दिवशी म्हणालेच नाहीत. पुढे लग्न झालं, संसार झाला, गावाच्या खालच्या बाजूला धाकटीने चष्म्याचं दुकान थाटलं, पण तो शब्द त्यांच्या तोंडून कधी आला असं कोणालाच आठवत नाही. त्या सकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "इथे प्यायचं पाणी कसं आहे?"

"गोड आहे," पोस्टमन म्हणाला. "बारा महिने."