जाळीला हात कुणी लावला?

"ओंक्या, तू मोजतोयस की नुसताच खटके वाजवतोयस?" प्रेरणाने दबक्या आवाजात दटावलं.

"मोजायला काय तरी भाईर तर येऊ दे! कवाचा बसलोय हितं. अंगठ्याला गंज चढायची पाळी आली!"

"शूऽऽ!" मानसीने दोघांनाही गप्प केलं. मानसी वयाने सगळ्यांत लहान, पण दटावण्यात सगळ्यांची आजीबाई!

तिकोणा पेठेच्या मागे, ओढ्याअलीकडच्या खडकावर ही तिघं ओळीने पालथी पडली होती. समोरच्या कड्यात भैरोबाची गुहा. रोज दिवस मावळला की त्या गुहेतून वटवाघळांचा लोंढा बाहेर पडायचा आणि उंबर-जांभळांच्या शोधात धरणाच्या पाण्यावरून पांगायचा. ती वाढताहेत की घटताहेत, त्यांची पिल्लं जगतात की नाही, याचं संशोधन करायला सारिकाताई पुण्याहून आली होती. वराळ्याहून सुट्टीला मामाकडे आलेली प्रेरणा, तिचा मामेभाऊ ओंकार आणि शेजारची मानसी हे ताईचे बिनपगारी मदतनीस. तिने तिघांच्या हातात एकेक क्लिकर दिला होता. एक वटवाघूळ बाहेर, की एक खटका! ताईचा नियम मात्र कडक होता. "सध्या पिल्लांचे दिवस आहेत. गुहेत कुणीही पाऊल टाकायचं नाही. अगदी मीसुद्धा नाही. लांबूनच मोजायचं."

पण आज लोंढा आलाच नाही. थोडी वटवाघळं कड्याच्या कपारींतून निघाली आणि लांब जायचं सोडून गुहेच्या तोंडाशीच घिरट्या घालत राहिली.

मधे पुण्याला जाऊन आजच दुपारी परतलेली सारिकाताई पोरांशेजारीच बसली होती. तिचा चेहरा पार उतरला.

"परवा तर भरभरून होती गं! कुणीतरी त्यांना उठवलंय. कुणीतरी कशाला, मीच असेन. रोज येऊन बसते इथे. तसं असेल तर मला मुक्काम हलवायला हवा."

"म्हणजे तू जाणार?" प्रेरणाला एकदम भरून आलं. सारिकाताईशिवाय सुट्टी ही कल्पनाच तिला सहन होईना. तिने काही न बोलता ताईची दुर्बीण डोळ्यांना लावली.

एक वटवाघूळ गुहेत शिरायला झेपावलं, कशाला तरी धडकलं, तिथेच लोंबकळलं आणि परत फिरलं. मग दुसरं. मग तिसरं. तिथे काहीतरी होतं! शेवटच्या उजेडात तिला हिरवे चौकोन दिसले.

तो हिरवा रंग तिच्या ओळखीचा होता. कालच मामाच्या अंगणात एका लोखंडी जाळीला तिने स्वतःच्या हाताने तो फासला होता! "कशाला रे ही?" असं तिने विचारलं, तेव्हा मामा डोळे मिचकावत म्हणाला होता, "मंडळाचं काम हाय. उद्या बघशील!"

निलेशमामा म्हणजे ओंकारचे आप्पा आणि गडसेवक मंडळाचा म्होरक्या. दर रविवारी आठ-दहा जणांना घेऊन तो श्रमदानाला जायचा. बुजलेली टाकी उपसायचा, पायऱ्या झाडायचा. गड म्हटला की त्याला तहानभूक राहायची नाही. प्रेरणाला तो जगातला सगळ्यात भारी माणूस वाटायचा. म्हणून तर ताईला काही न सांगता ती आधी घरी पळाली.

"मामा, आज श्रमदानाला कुठे गेला होतास?"

"वळख बरं!" भाकरीचा तुकडा मोडत मामा खुशीत म्हणाला. "भैरोबाची गुहा लख्ख केली! आधी गोवऱ्यांचा आन् कडुलिंबाचा धूर दिला. सगळी वाघळं भुर्र! मग झाडलं, पानी मारलं आन् गुहेच्या तोंडाला जाळीचं दार ठोकलं. कुलूप बी घातलं. देवाच्या दारात लय घान झालती."

"पण मामा, आत पिल्लं असतील! त्यांना उडता येत नाही!"

"छ्या! टॉर्च मारून बघितलं की. एक बी न्हाई."

"छताच्या फटींत असतात ती, निलेशभाऊ," दारातून सारिकाताई म्हणाली. ती धापा टाकत मागोमाग आली होती. "टॉर्चने दिसत नाहीत. ते दार उघडा. कृपा करा."

"मॅडम, तुमी पाव्हन्या. तुमचा मान हाय. पर पोरांनी दिसभर घाम गाळला आन् मी रातीत जाऊन दार उघडू? मंडळ मला हसंल!" मामा पुन्हा ताटाकडे वळला. विषय संपला!

अंगणात येताच सारिकाताईने फोन काढला. "दूध मिळालं नाही तर ती पिल्लं उद्याचा दिवस काढणार नाहीत. वनखात्याला कळवायलाच हवं."

"मग मामाचं काय होईल?"

ताई फोनमध्ये नंबर शोधू लागली. आत इवली पिल्लं अडकलेली आणि इकडे मामा! दोघांतलं एकही तिला गमवायचं नव्हतं.

"ताई, मामा वाईट नाही गं. त्याला दिसलं नाहीये, एवढंच. मला पहाटेपर्यंत वेळ दे. वटवाघळं परत येतील ना तेव्हा?"

"येतील. आया आहेत त्या." ताईने फोन खाली घेतला. "वनखात्याची माणसं सकाळशिवाय पोचणार नाहीतच. पण पहाटेनंतर मी थांबणार नाही."

तिघांची गोठ्यामागे तातडीची सभा भरली.

"किल्ली चोरू या!" ओंकारने सुचवलं.

"कमरेला बांधून झोपतात तुझे आप्पा," मानसीने त्याची हवाच काढून घेतली. "खोटं सांगायचं का काहीतरी?"

"मुळीच नाही!" प्रेरणाचे डोळे चमकले. "खरंच सांगायचं. फक्त थोडंसं!"

ओंकार घरात धावत सुटला. "आप्पा! आप्पा! तुमच्या जाळीला कुनीतरी हात लावतंय! मगाशी पार लोंबकळत हुते तिला!"

"आँ? कोन?"

"खूप जण होते, काका!" मानसीने डोळे मोठे केले. "अंधारात तोंडं नाही दिसली!"

"आणि पहाटे परत येणार आहेत," प्रेरणा म्हणाली.

मामा ताडकन उठला. "धरणाकडच्या तंबूत येनारी टवाळ पोरं, दुसरं कोन! येऊ द्या! एकेकाला दांडकंच घालतो!" त्याने लगेच मंडळाला फोन लावले. ओंकारला हसू आवरेना. शेवटी मानसीने त्याला चिमटा काढला.

पहाटे फटफटायच्या आधीच सगळे गुहेबाहेरच्या धोंड्यांआड दबा धरून बसले होते. पुढे दांडकं सरसावलेला मामा, त्याला चिकटून प्रेरणा, मागे ओंकार, मानसी आणि सारिकाताई. मंडळाची माणसं खाली पायवाट अडवून उभी राहणार होती.

"आले, मामा! बघ!" प्रेरणा कुजबुजली.

मामाने दांडकं उगारलं.

आभाळातून एक वटवाघूळ सुर्रकन उतरलं आणि जाळीला लटकलं. मग आणखी एक. बघता बघता जाळी काळी झाली. आतून बारीक आवाज येऊ लागले. चिक्, चिक्, चिक्! एक पिल्लू जमिनीवरून सरपटत आलं, लटपटत जाळीवर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं. बाहेरच्या एका वटवाघळाने चौकोनातून तोंड आत खुपसलं आणि त्या पिल्लाला चाटायला सुरुवात केली. पंखाखाली घ्यायला ती आई किती धडपडत होती! पण मध्ये जाळी होती.

मामाचं दांडकं हळूहळू खाली आलं.

"ह्ये... ह्येच व्हय ते चोर?"

"हो मामा. हेच."

मामाने कमरेची किल्ली सोडली. मग म्हणाला, "मी टॉर्च मारून बघितलं हुतं गं."

"हळू जा, निलेशभाऊ. दार उघडा आणि लगेच मागे या," सारिकाताईने समजावलं.

अंधुक उजेडात मामाला किल्ली कुलपात घालता येईना. शेवटी प्रेरणाने त्याचा हात धरला. दार करकरलं. पंखांची एकच झुंबड उडाली. एक पंख मामाच्या कानाला चाटून गेला, पण तो तसूभरही हलला नाही. आत चिकचिकाट एकदम वाढला. मग एक आवाज थांबला. मग दुसरा. हळूहळू सगळी गुहा शांत झाली.

"दूध मिळालं," सारिकाताई डोळे पुसत म्हणाली.

दाराशी पडलेलं एक पिल्लू मात्र हललं नाही. ताईने हातमोजे घालून ते उचललं, तपासलं आणि नकारार्थी मान हलवली. मामाने खांद्यावरचं उपरणं पुढे केलं, त्यात ते पिल्लू गुंडाळून घेतलं आणि गुहेपासून थोडं दूर, उंबराखाली दांडक्याने खड्डा खणून पुरलं. मानसीने वर उंबराची पानं पसरली.

उतरताना प्रेरणाने भीतभीत विचारलं, "मामा, रागावलास?"

"रागावलो तर! वनखात्यानं दंड केला आसता तर मी त्यांना चार शिव्या घातल्या आसत्या आन् मोकळा झालो आसतो. तू मला बघायला लावलंस. आता ती आय माझ्या डोळ्यापुढनं जायची न्हाई." मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पायवाट संपेपर्यंत तो काढला नाही.

खाली मंडळाचे वीर दांडकी घेऊन सज्ज होते. सगळ्यांत पुढे म्हातारे रखमाजी आबा.

"काय रं निलेश, चोर घावलं का?"

"घावलं, आबा."

"किती जन हुते?"

"आठ-धा जन. हितंच हुबे हायती, दांडकी घिऊन. आन् त्यांचा म्होरक्या मी!"

मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. मामाने त्यांना सगळं सांगितलं, उंबराखालच्या पिल्लासकट. ऐकता ऐकता एकेक दांडकं खाली टेकलं.

"आता जाळी काढायला चला," मामा म्हणाला.

"लगेच नको!" सारिकाताई पुढे झाली. "दार सताड उघडं आहे, तेवढं पुरे. पिल्लं उडायला लागली की मीच तुम्हाला बोलावीन. तोवर मी इथेच आहे."

"इथेच?" प्रेरणाने तिला मिठीच मारली.

रखमाजी आबांनी तिन्ही पोरांना जवळ ओढलं. "आमी गड राखतो म्हनून मिरवत हुतो रं. पर गडावर कोन ऱ्हातं, ह्ये इचारायचं आमाला सुचलं न्हाई. शाब्बास, पोरांनो! आजपास्नं मंडळात तुमी तिघं. आन् कुटंबी झाडू लावायच्या आधी आमी तुमाला इचारनार!"