कमी पातळीची चाचणी

"आधी ते बोट बाहेर काढा."

टाकीखाली पाठीवर आडवी झालेली ती ओरडली नव्हती, पण त्यापेक्षा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती टाकी म्हणजे एका पंपहाऊसची पारदर्शक, छोटी प्रतिकृती. पाणी संथ व्हायची ती केव्हाची वाट बघत होती, आणि वरून कोणीतरी ते किती गार आहे याचा अंदाज घेत होतं.

बोट बाहेर आलं. पाण्यापलीकडून एक लांबट, हलता चेहरा खाली डोकावला.

"माझेच पंप आहेत हे. म्हणजे... ह्यांचे मोठे भाऊ."

"मग मोठ्या भावांच्या टाकीत बोटं घाला."

"तिथे घातली तर परत मिळायची नाहीत."

ती हसली नाही. निदान त्याला दिसेल असं तरी नाही.

त्याच्याकडचे नवे पंप सुरू झाले की थरथरायचे. पाणी टाकीत वळण घेऊन यायचं, पाइपच्या तोंडाशी गरगर फिरायचं; त्या भोवऱ्यातून हवा आत ओढली जायची आणि पंप खोकल्यासारखा आवाज करायचा. टाकीत काय बदललं म्हणजे भोवरा होणार नाही, हे शोधणं तिचं काम. सगळ्या चाचण्या पार पडल्या की तिच्या सहीचा आराखडा घेऊन तो परत जाणार होता.

तो वरून पिचकारीनं रंग सोडायचा, ती खालून बघायची.

"फिरतोय?"

"फिरतोय."

"आणि आता?"

"आता तुम्ही माझ्याकडे बघताय. रंगाकडे बघा."

आधी येणाऱ्या पाण्यासमोर भोकांची जाळी बसवली, मग मागच्या भिंतीला उभी पट्टी. रंगाचा पीळ प्रत्येक बदलानं सैल होत गेला, आणि ती मात्र चिडचिडी. घरी चहात चमचा फिरवत बसली, तर वहिनी म्हणाली, "बाई गं, साखर केव्हाच विरघळली." पुढे वहिनीनं काही विचारलं नाही, आणि तेच जास्त झोंबलं.

शेवटी प्रयोगशाळेतल्या मिस्त्रींनी पाइपच्या तोंडाखाली एक शंकू बसवला. रंगाची रेघ सरळ वर गेली, कुठेही न अडखळता.

"जमलं," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "पाहुणे सुटले. टाकी रिकामी करू?"

"थांबा," तो घाईनं म्हणाला. "पाणी अजून खाली उतरवून बघू या. कमी पातळीवर."

कमी पातळीवर भोवरा पुन्हा आला. मिस्त्रींनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि शंकू परत खोलला. त्यानंतरचे दिवस तिनं शंकूचे उतार बदलण्यात घालवले. झोप नीट लागेना. हा माणूस कामाचा इतका काटेकोर आहे, की... त्या 'की'च्या पुढे ती जायची नाही.

अहवाल लिहिताना मात्र तिचा हात थांबला. तो खिडकीपाशी उभा होता.

"ही पातळी तुमच्याकडे कधी येते?"

त्यानं खिडकीची कडी उगाच काढली, परत लावली.

"येते का?"

"नाही." त्याचे कान लाल झाले होते. "त्याच्या बरंच आधी पंप आपोआप बंद होतात."

"म्हणजे इतके दिवस मी कधीच न होणारा भोवरा घालवत होते?"

"हो. चूक माझी आहे. पण एक विचारू? हा प्रश्न तर चाचणीच्या आधीच विचारतात. तुम्ही विचारला नाहीत."

कुठल्याही चाचणीआधी ती हा प्रश्न विचारतेच. ह्या वेळी जीभ का रेटली नाही, हे तिला ठाऊक होतं. आत्ता कळलं असं नाही... तेव्हाच.

"विचारला असता," ती हळूच म्हणाली, "तर तुम्ही गेला असता."

बाहेर मिस्त्री कुठेतरी पाइप आपटत होते. तो टेबलापर्यंत आला, पण बसला नाही. तिनं कमी पातळीच्या चाचणीचं पान काढून फाडलं, उरलेल्यावर सही केली आणि अहवाल त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो उचलला नाही.

"दुरुस्ती झाली की तिथे येऊन बघायचं... असं काही तुमच्या कामात असतं का?"

"नसतं," ती म्हणाली. "कधी येऊ?"