अडकलेल्या हाका

भर दुपारची गोष्ट. ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलेलं, आणि धाकटी जेवणाचं ताट बाजूला सारून कामाला बसली. तिचं काम दुरुस्तीचं, तेही एका प्रोग्रामच्या. त्या प्रोग्रामला ऑफिसातले 'हाकाऱ्या' म्हणत. कुठे बटण दाबलं, दार उघडलं, की ती हाक ज्याची त्याच्या कानी घालायची, एवढंच हाकाऱ्याला येई. लिफ्टमध्ये तो, दारांच्या घंट्यांत तो, हॉस्पिटलच्या वॉर्डातही तोच.

वॉर्डातल्या सिस्टरचा सकाळीच फोन आला होता.

"ताई, तुमचा हाकाऱ्या बहिरा झालाय का हो? पेशंटनं पहिल्यांदा बटण दाबलं की दिवा लागतो, मिनिटभरानं विझतो. पुढं कितीही दाबा, ढिम्म."

"बेडजवळ भिंतीवर 'आले'चं बटण आहे, ते दाबता ना जाऊन आल्यावर?"

"धावपळीत राहतं एखाद्या वेळी. म्हणून काय पेशंटनं ओरडत पडायचं?"

चूक तासाभरात सापडली. 'आले' दाबलं नाही, की हाकाऱ्या समजायचा, अजून कुणी पोचलंच नाही. आणि पुढच्या सगळ्या हाका गुपचूप रांगेत उभ्या करायचा. प्रोग्राममधली ती ओळ धाकटीनंच लिहिली होती.

तिचा हात थांबला. आईच्या खोलीतही तिनं हेच बसवलं होतं. उशाशी बटण, भिंतीवर 'आले', आणि दिवा इथे, या टेबलावर. त्या शेवटच्या रात्री दिवा लागला तशी ती एकदा उठली होती. पाणी पाजलं, उशी सारखी केली, पेंगतच परतली. 'आले' दाबलं होतं का? काही केल्या आठवेना. सकाळी आई गार.

"हाक नाही ना मारली तिनं?" दादानं विचारलं होतं.

"नाही रे. नंतर दिवा लागलाच नाही. झोपेतच गेली."

या एका वाक्यावर तिनं आठ महिने काढले होते.

दुरुस्ती झाली. अडकलेल्या हाका आता पोचणार होत्या, आणि 'आले' दाबेपर्यंत दिवा विझणार नव्हता. पण पारखायला खरा दिवा हवा, आणि सिस्टर तिकडे खोळंबलेली. तिनं मन घट्ट करून आईच्या हाकांचा तो जुना दिव्याचा डबा जोडला.

दिवा लागला.

पडद्यावर ओळी उतरू लागल्या. तारीख त्याच रात्रीची. तीन दहा. तीन चौदा. तीन वीस... शेवटची चार वाजून दोन मिनिटं. सात हाका.

तिनं दादाला फोन लावला. "दादा, मी खोटं बोलले रे. म्हणजे... मला माहीत नव्हतं. हाक मारली होती आईनं. सात वेळा."

दादा म्हणाला, "आणि तू...?"

तेवढ्यात आठवी ओळ उतरली. आजची तारीख. दोन वीस.

तिनं घड्याळ पाहिलं. दोन वीस. उशाचं ते बटण तिनं स्वतःच्या हातानं सेल काढून खणात टाकलं होतं. तिनं खण ओढला. बटण तिथेच होतं, सेलविना. त्याला बामाचा वास येत होता, ताजा, आई कपाळाला चोळायची तसा.

"काय झालं गं?" फोनमधून दादा.

आईच्या खोलीचं दार बंद होतं. आत काही नाही, पलंगसुद्धा देऊन टाकलेला. ऊठ, तिनं स्वतःला सांगितलं. अंग हलेना. त्या रात्रीही असंच जड झालं होतं. ऊठ, या वेळी तरी... ती उठली. दारापर्यंत गेली. कडीला हात लावला, आणि मागे टेबलावरचा दिवा विझला.

तिनं वळून पाहिलं. पडद्यावर नवी ओळ होती, ती तिनं पुटपुटत वाचली. 'आले.'

"कोण आलंय तिकडे?" दादानं विचारलं.

तिनं दार ढकललं. रिकामी खोली, उघडी फरशी. भिंतीवरचं 'आले'चं बटण आत दबलेलं होतं. ती बघत होती, तेव्हाच, कुणी बोट उचलावं तसं, ते सावकाश वर आलं.