पांढऱ्या रस्त्यावरचा काळा चिखल

ओडेरा मिस्त्रीने आपल्या गॅरेजात शर्यतीच्या गाडीचा टर्बो उघडला आणि कपाळाला हात लावला. टर्बोच्या तोंडाशी एक छोटासा पंखा असतो. मिनिटाला लाखावर फेरे घेऊन तो हवा ओढतो आणि इंजिनात कोंबतो. त्या पंख्याची पाती उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. आणि असा वाया गेलेला हा दुसरा पंखा!

सुट्टीत गिलगिलला आत्याकडे आलेली वांगेची आणि तिचा धाकटा भाऊ मुरागे टाचा उंचावून बघत होते. मिस्त्रीची मुलगी अकोथ तर बॉनेटखाली अर्धी शिरलीच होती.

गाथोनी आत्याने शांतपणे हात पुसले. अख्ख्या गिलगिलमध्ये शर्यतीची गाडी चालवणारी ती एकटी बाई.

"नवा बसव," ती म्हणाली. "शनिवारच्या शर्यतीत हाही गेला, तर नैरोबीचं गिऱ्हाईक गाडी न्यायला तयारच आहे. मग मी आणि माझी भाजीची व्हॅन."

गाडीशिवाय आत्या? छे, ही कल्पनाच वांगेचीला सहन होईना.

मिस्त्रीचा संशय एकाच माणसावर होता. शेजारचा कामोथो! तोही शर्यतीतलाच. कुंपण ओलांडून इंजिनात मूठभर खडे टाकायला कितीसा वेळ लागतो, असं मिस्त्री चहाच्या घोटागणिक सांगत होता. शेवटी आत्यालाही ते पटलं. शनिवारी पंचांकडे तक्रार करायची, असं ठरलं.

"पण काका, खडे हवेच्या फिल्टरमध्ये अडकले असते ना?" वांगेचीने विचारलं. "फिल्टर तर धड आहे."

"शहाणपण शाळेत ठेवून यायचं," मिस्त्री म्हणाला आणि तिघांना अंगणात पिटाळलं.

बरंच झालं म्हणायचं! कारण फिल्टर आणि टर्बोला जोडणारी रबरी नळी अंगणातच होती. दर शर्यतीआधी मिस्त्री ती काढून धुवायचा आणि उन्हाने रबर तडकू नये म्हणून झाडाच्या सावलीत टांगायचा. मग गाडीचं काम संपेपर्यंत ती तिथेच लोंबायची. वांगेचीने नळीत बोट फिरवलं. बोट काळं झालं.

शर्यतीचा रस्ता तर पिठासारखा पांढरा! काळी माती होती फक्त नळाखाली, गाड्या धुतात त्या चिखलात. म्हणजे इथलाच चिखल उचलून कुणीतरी नळीत घालत होतं, तेही फिल्टरच्या पलीकडे. पण कोण?

दुपारी मोठी माणसं मक्याची उगाली खायला गेली, तसे तिघं मोडक्या पिकअपमध्ये ताडपत्रीखाली दबा धरून बसले. मुरागेने तळलेली मंदाझी खायला काढली, तर अकोथने त्याचा हात दाबून धरला. कुंपणावर कामोथोचं डोकं उगवलं होतं! त्याने इकडेतिकडे पाहिलं, नाक खाजवलं आणि तो निघून गेला.

एवढ्यात मुरागे कुजबुजला, "ताई, ती बघ."

बारीक कंबरेची एक काळी माशी चिखलाची गोळी घेऊन आली आणि सरळ नळीत शिरली. बाहेर आली, उडाली, पुन्हा गोळी घेऊन आली. मग तर तिने चक्क एक कोळी पकडून आणला आणि तोही आत नेला. तिघं जेवायचंही विसरले.

मिस्त्री परतल्यावर अकोथने त्याला सारं सांगितलं, तर तो पोट धरून हसला. कामोथोने आता कुंभारमाश्या पाळल्या की काय, म्हणाला. वांगेचीने झाडावरून नळी काढली, दाबली आणि टायरवर आपटली. वाळक्या चिखलाची ढेकळं भुगा होऊन पडली, आणि त्यांतून निपचित कोळी!

मिस्त्रीचं हसू विरलं. "हा भुगा पंख्यावर आदळत होता. दोन्ही पंखे माझ्याच हातून गेले, गाथोनी."

"आणि आपण चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो," आत्या म्हणाली. तक्रार तिथेच बारगळली.

मिस्त्री लगेच चिंधी घेऊन नळीच्या तोंडात कोंबायला निघाला. वांगेचीने त्याचा हात धरला. "आत नको, काका. घाईत काढायची राहिली, तर चिंधीच पंख्यात जाईल. बाहेरून बांधू. सोडल्याशिवाय नळी बसणारच नाही."

आत्याने कमरेला गुंडाळायचा आपला जुना लाल लेसो टराटरा फाडून दिला.

शनिवारी आत्या चौथी आली. तिचं त्याकडे लक्षच नव्हतं. गाडी थांबताच तिने नळी काढायला लावली आणि वांगेचीला पुढे केलं. वांगेचीने श्वास रोखून एकेका पात्यावरून बोट फिरवलं. सगळ्या कडा जशाच्या तशा!

तेवढ्यात कामोथो ओशाळं हसत आला. त्याचाही पंखा गेल्या शर्यतीत गेला होता. आणि त्याला संशय ओडेराचा होता, म्हणून तो कुंपणावरून पहारा करत होता! तोही आपली नळी धुऊन अंगणातच टांगायचा. अकोथने त्याला घरी गेल्यावर ती आपटून बघायला सांगितलं.

"आम्ही घोडे एकमेकांवर डोळे वटारत बसलो, आणि बघायचं ते या पोरांनी बघितलं," मिस्त्री म्हणाला आणि त्याने मुरागेला खांद्यावर घेतलं.

आत्याने नैरोबीला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ भाव वाढवत राहिला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"विकायची नाही," ती म्हणाली. "माझ्या भाचीने पंखा तपासलाय." आणि तिने वांगेचीला पोटाशी धरलं.