गवतातलं पाडस

"ओ मॅडम… पुढं पाय टाकू नका!"

सुप्याच्या अभयारण्यात मागून आलेल्या एका तरुणाच्या हाकेनं मी जागीच थिजले. चार वर्षांच्या अंकिताला पोटाशी ओढलं. "साप?"

"न्हाई हो. खाली बघा."

वाळल्या गवतात, गवताच्याच रंगाचं चिंकाऱ्याचं पाडस बसलं होतं. हलेना. फक्त डोळे… काळेभोर, ओले.

"आई टाकून गेली याला?" मी विचारलं.

"टाकलं न्हाई." त्यानं लांबच्या हिवराकडं बोट दाखवलं. झाडाखाली मान ताठ करून हरिणी उभी होती. "जवळ थांबली तर तिच्या वासानं लांडग्याला पिल्लू सापडायचं. म्हणून लांबून नजर ठेवती. आमच्या आबांनी एकदा असंच एक पोरकं समजून मेंढरांच्या वाड्यावर आणलं. परत नेऊन ठेवस्तोवर आई वाड्याभोवती फिरत होती."

आम्ही हळूच मागं सरलो. अंकिताचं मनगट मी घट्ट धरलेलं.

"जरा सैल धरा की. पळून जायाएवढी मोठी न्हाई झाली ती."

"तुम्हाला काय कळतंय आईचं?"

"मला न्हाई… तिला विचारा!" हरिणीकडं बघत तो हसला. आणि मीही—कितीतरी दिवसांनी.

तो बिरदेव. कुरकुंभच्या कारखान्यात कामाला, सुट्टी मिळाली की इथं.

अंकिताचे पप्पा अपघातात गेल्यापासून मला स्थळं येत होती. सगळ्यांची एकच अट—पोरगी आजोळी ठेवा. मी सगळ्यांना नाही म्हटलं होतं.

त्या हिवाळ्यात न्हावऱ्याहून निघून, चौफुल्याला एसटी बदलून, आम्ही दोघी वरचेवर सुप्याला येऊ लागलो. हरणं बघायला… असं आईला सांगायचे.

एके दिवशी त्याच हिवराखालच्या पायवाटेवर तो थबकला. "सगुणा… तुम्हाला मागणी घालायची हाय. पण—"

मी डोळे मिटले. आली अट…

"—पण आधी अंकिताला विचारतो. तिलाच नको असंल, तर तुम्हाला कुठल्या तोंडानं विचारू?" तो तिच्यापुढं उकिडवा बसला. "काय मॅडम, मी चालंल का घरात?"

"खांद्यावर घेशील?"

"व्हय."

"रोज?"

"मान मोडस्तोवर!"

तिनं विचार केला… आणि मान डोलावली.

मी तिचं मनगट सोडलं. त्याच्या खांद्यावर बसून ती निघाली. मी हिवराखालीच थांबले. त्या हरिणीला मनोमन हात जोडले… डोळे भरून आले होते.

"येताय न्हवं?" त्यानं वळून विचारलं.

"व्हा पुढं… मी बघतेय," मी म्हटलं. "आणि ऐका—तिचा होकार मिळालाय ना? त्यात माझाही धरा."