मोकळा सोडलेला कोर

उदगीरच्या आडत बाजारामागच्या गल्लीत वीरण्णा आप्पांचं घर आहे. मे महिन्यातल्या एका भर दुपारी सादिया तिकडे निघाली होती ती अगदी साध्या कामासाठी. आप्पांच्या मुलाचा, रुद्रेशचा, कॉम्प्युटर गेम खेळताना अडकत होता. सादिया आणि तिचा भाऊ अबुजर मिळून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवत. धूळ उडवायचा ब्लोअर घेऊन अबुजर एका कॉलेजात गेलेला, म्हणून ही स्क्रूड्रायव्हरची पिशवी उचलून एकटीच निघाली. असल्या उन्हात उदगीरचं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, पण गिऱ्हाईक सोडून कसं चालेल?

रुद्रेशला घाई होती. त्याच संध्याकाळी त्या गेमची त्याची निवडीची मॅच होती. जिंकली तर पुण्याच्या एका संघात नोकरीसारखी जागा, हरली तर आडतीवर बसून जन्मभर तूर तोलायची. आप्पांना लकवा झाल्यापासून आडतीला कुलूपच होतं. पोरानं आधी नवा माउस आणला, मग गेम काढून पुन्हा टाकला, मग इंटरनेटवाल्याशी भांडून घेतलं. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, तसला प्रकार.

घरात शिरताच मालिशच्या तेलाचा दाट वास आला. वारं बाधेल म्हणून कूलर बंद ठेवलेला. बाहेरच्या खोलीत रुद्रेशचं टेबल, आतल्या खोलीत आप्पांची खाट, मधल्या दारावर अर्धवट सरकवलेला कापडी पडदा. खाटेशेजारी आप्पांची बायको महानंदाकाकू हातपंखा हलवत बसल्या होत्या, आणि त्यांच्या बांगड्यांच्या आवाजाखाली आप्पांचा श्वास ऐकू येत होता. सावकाश ओढलेला, मधेच रेंगाळणारा, मग सुटणारा. आजारी माणसाच्या घरात असा आवाज असायचाच, असं सादियानं मनाशी म्हटलं.

तिनं मशीनचं झाकण काढलं; रुद्रेश ते कधीच बंद करत नसे, आताही ते चालूच होतं. आत धुळीचा थर बसला होता. ब्लोअर नव्हता. तोंडानं फुंकू नये, आतल्या भागांवर ओल उडते, हे ती गिऱ्हाइकांना दहादा बजावायची. पण दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान! खाली वाकून, गाल फुगवून तिनं प्रोसेसरवर जोरात फुंकर मारली. धूळ उडाली, काम झालं.

झाकण लावून तिनं गेम सुरू केला. मशीनच्या पडद्यावरचा शिपाई पळता पळता एक पाय हवेत ठेवून थिजला. पुन्हा पळाला, पुन्हा थिजला.

"बघा दीदी," रुद्रेश म्हणाला, "असंच करायलंय."

त्या प्रोसेसरच्या पोटात आठ कोर होते. आठ हमालच म्हणा ना, ओझं वाटून घेणारे. एकाची कंबर धरली की बाकीचे सात पोतं पाठीवर घेऊन ताटकळतात. प्रत्येकावर किती ओझं आहे ते दाखवणारे आठ चौकोन सादियानं पडद्यावर उघडले आणि गेम बंद केला. सात चौकोनांतल्या रेघा लगेच तळाला जाऊन बसल्या. पहिल्यातली मात्र बसेना. ती हळूहळू वर चढायची, टोकाशी रेंगाळायची आणि खाली उतरायची.

कुठला प्रोग्रॅम हे करतोय ते तिनं शोधलं. एकही सापडला नाही. व्हायरस तपासला, इंटरनेटची वायर काढली, तरी रेघ आपली वर, खाली. शेवटी तिनं मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं ठरवलं.

मशीनचा पडदा काळा झाला आणि घर एकाएकी गप्प झालं. एवढं गप्प, की काय थांबलं ते तिला आधी कळलंच नाही. मग आत बांगड्याही थांबल्या.

"अहो," काकूंचा आवाज आला. "अहो..."

तेवढ्यात मशीनचा पंखा फिरला, पडद्यावर उजेड आला, आणि आत आप्पांनी बुडता माणूस वर यावा तसा श्वास ओढला.

सादियाच्या अंगावर काटा आला. तिनं आठ चौकोन परत उघडले. दारावरच्या पडद्याच्या फटीतून आप्पांची छाती दिसत होती, आणि तिच्यावर गळ्यातली लिंगाची चांदीची डबी. डबी वर आली की रेघ वर जात होती. डबी रेंगाळली की रेघही रेंगाळत होती.

मन मानेना. खरं तर थांबायला हवं होतं, पण खातरजमा केल्याशिवाय हात काढायचा नाही ही कारागिराची खोड मोठी वाईट. तिनं गेम पुन्हा सुरू केला. आठही चौकोन काठोकाठ भरले, आणि आत आप्पांना ठसका लागला. छातीत काहीतरी अडकावं तसा श्वास तुटायला लागला.

"रुद्रेशा, बंद कर की रे ते," काकू आतून म्हणाल्या. "तू खेळाय बसलास की ह्यांना धाप लागतीय."

"ती रोजच म्हणती," रुद्रेश पुटपुटला. "डॉक्टर म्हणले उन्हानं व्हायलंय."

सादियानं माउस स्वतःकडं ओढला. गेमनं कुठले कोर वापरायचे ते यादीत खुणा करून ठरवता येतं. तिनं घाईघाईनं पहिल्या कोरवरची खूण काढली आणि बाकीच्या सातांवरची तशीच ठेवली. क्षणात पडद्यावरचा शिपाई लोण्यातून सुरी जावी तसा पळायला लागला. कुठंही अटकाव नाही. पहिल्या चौकोनातली रेघ आता एकटीच, निवांत वरखाली होत होती, आणि आतला ठसकाही थांबला होता.

थोड्या वेळानं काकू चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. त्यांचा चेहरा सैलावला होता. लकवा झाल्यापासून हे पहिल्यांदाच असे निजलेत, असं त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले. सादियालाही भरून आलं. भीती होती, पण एका माणसाचा जीव आपल्या हातून वाचला, याचं समाधान त्या भीतीहून मोठं होतं.

आप्पांना हे कशानं झालं, असं तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

"काय सांगू पोरी," काकू म्हणाल्या. "चांगले आडतीवरून आले. ह्यानं हे मशीन असंच उघडून ठिवलं होतं. 'किती धूळ रे' म्हणले अन् वाकून फुंकर मारली. तूर बघताना तळहातावरचा भुसा उडवायची सवय, ती कुठं जाती? सकाळी उठले तर अर्ध अंग गेलेलं."

मघाशी सादियाही तशीच वाकली होती.

तिनं मान वळवून मशीनच्या पडद्याकडं पाहिलं. पहिल्या चौकोनात आप्पा निवांत होते. रुद्रेशनं गेम थांबवलेला होता, आणि उरलेल्या सातांत काहीच हलत नव्हतं. तिनं ते पुन्हा पाहिलं, चहा तसाच ठेवून आणखी एकदा पाहिलं. मग तिनं रुद्रेशला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मशीन कधी बंद करू नकोस, इन्व्हर्टरची बॅटरी उतरू देऊ नकोस, पहिला कोर मोकळा सोड. तो हसेल असं तिला वाटलं होतं. पण तो हसला नाही. डबी आणि रेघ त्यानंही पाहिली होती.

"आप्पांसाठी एक कोर काय, दीदी," तो म्हणाला, "सातावर भागवतो की मी."

पोरगा वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवायला हवं.

तिन्हीसांजेला सादिया दुकानात एकटी होती. अबुजर नमाजाला गेला होता. दुपारपासून तिला थकल्यासारखं वाटत होतं, डावा हात जड झाला होता. उन्हाचा त्रास असेल म्हणून ती मीठसाखरेचं पाणी पिऊन बसली होती. फोन वाजला. रुद्रेशचा होता. आवाज अगदी हळू.

"दीदी, दुसरा चौकोन हलायलाय."

तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

"आईनं श्वास धरून बघितला. मी बी धरून बघितला. त्यो काय थांबत न्हाई..."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. तिचा आवाज विरेपर्यंत सादिया थांबली. मग तिनं ओठ मिटले, नाक चिमटीत धरलं आणि श्वास रोखला.

"थांबला," पलीकडून रुद्रेश म्हणाला. "आत्ता थांबला बघा."

तिनं धरवेल तितका वेळ धरला. कानात रक्त ठणकायला लागलं, आणि मग सुटलाच.

"चालू झाला परत..."

"रुद्रेश," ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज ओळखू येईना, "दुसऱ्यावरची पण खूण काढ. ऐक माझं. आत्ताच्या आत्ता काढ."

"काढून बघितली, दीदी. सहावर अडकायलंय. लई अडकायलंय."

त्याच्या आवाजामागं फोनमधून आप्पांचा श्वास ऐकू येत होता. संथ, खोल, निरोगी माणसाचा. आणि त्याच्या जवळच आणखी एक, भेदरलेला, भराभर चाललेला. तो ऐकू येत होता त्या घरातून. सादियानं घाबरून तोंडावर हात दाबला, तसा तो फोनमधला दुसरा श्वास गुदमरला.

"मॅच सुरू व्हायलीय," रुद्रेश म्हणाला. त्याला रडू येत होतं, हे कळत होतं. "टीम थांबलीय माझी. एकच मॅच हाय, दीदी. पुन्यांदा न्हाई मिळत अशी. आप्पांच्या कोरला मी हात लावत न्हाई, पण दुसरा लागतोय मला..."

"रुद्रेश, नको..."

"तुम्ही तेवढं बसून घ्या कुठंतरी," तो हळूच, आदबीनं म्हणाला. "भिंतीला टेकून बसा."

पलीकडं माउसची टिचकी वाजली.